करिष्ये, म्हणे आणि शॅल : त्र्यंबकेश्वरातून पाहिलेला काळांचा तक्ता

१

इंग्रजी क्रियापदाला रूपे फार थोडी. 'गो' या धातूची गो, गोज, वेंट, गॉन आणि गोइंग अशी पाच रूपे सांगितली की विषय संपतो. 'पुट'ची तर तीनच. सगळ्यांत संपन्न म्हणावे असे 'बी', त्याची आठ. संस्कृतातील एखाद्या धातूची रूपे मोजू गेल्यास संख्या शेकड्यांत जाते. तरीही मराठी शाळेतून गेलेल्या कोणाही माणसाला विचारले, की क्रियापदे अवघड कोणत्या भाषेची, तर तो इंग्रजीचे नाव घेतो. कारण त्याला इंग्रजी क्रियापद भेटले ते बारा घरांच्या तक्त्याच्या रूपाने: तीन काळ आणि प्रत्येकाच्या चार अवस्था.

याच तक्त्याचे एक भावंड मराठी व्याकरणाच्या पुस्तकातही आहे. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति हे प्रत्येकाचे चार प्रकार. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर पहिले तीन रकाने जुळतात. चौथा जुळत नाही. इंग्रजीच्या चौथ्या रकान्यात पूर्ण आणि अपूर्ण यांचा संकर आहे ('हॅव बीन रीडिंग'), तर मराठीच्या चौथ्या रकान्यात सवय आहे ('वाचत असतो', 'वाचत असे'). हा चौथा रकाना का जुळत नाही, आणि पहिले तीन इतके नेमके का जुळतात, हे दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत. पहिल्याचे उत्तर भाषेत आहे, दुसऱ्याचे इतिहासात.

हा इतिहास पाहण्यासाठी त्र्यंबकेश्वराची निवड कोणाला विचित्र वाटेल. नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवरचे हे क्षेत्र गोदावरीच्या उगमासाठी, ज्योतिर्लिंगासाठी आणि सिंहस्थासाठी प्रसिद्ध आहे; व्याकरणासाठी नव्हे. परंतु क्रियापदांच्या तीन परंपरा जिथे एकमेकींना लागून नांदतात अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत. कुशावर्ताच्या काठी संकल्पाचे संस्कृत क्रियापद उच्चारले जाते. निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी यादवकालीन मराठीचे क्रियापद टाळ-मृदंगावर गायले जाते. आणि गावातल्या शाळेत इंग्रजीचा तो बारा घरांचा तक्ता फळ्यावर असतो. या तिघांचा परस्परसंबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

संकल्पाच्या शेवटी यजमान 'करिष्ये' असे म्हणतो. देश, काल, गोत्र, नाव आणि हेतू यांच्या लांबलचक उच्चारानंतर येणारे हे एकच क्रियापद. बहुतेक यजमान ते गुरुजींच्या मागून म्हणतात आणि पळीतले पाणी सोडतात. व्याकरणदृष्ट्या हे 'कृ' धातूचे लृट् लकाराचे, आत्मनेपदाचे, उत्तम पुरुषी एकवचन. म्हणजे 'मी करीन', आणि तेही स्वतःसाठी.

'स्वतःसाठी' हा अर्थ त्या 'ए'कारात दडलेला आहे. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (१.३.७२) असे सांगितले आहे, की काही विशिष्ट धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याकडेच जाणार असेल तर आत्मनेपद वापरावे. टीकाकारांनी याचे उदाहरण यज्ञातलेच दिले. यजमान यज्ञ करतो तेव्हा 'यजते'. ऋत्विज यज्ञ करतात तेव्हा 'यजन्ति'. आहुती कदाचित ऋत्विजाच्या हातून पडत असेल. पण तिचे पुण्य यजमानाचे. ऋत्विजाला मिळते ती दक्षिणा, आणि दक्षिणा हे यज्ञाचे फळ नव्हे. त्याच न्यायाने यजमान 'करिष्ये' म्हणेल आणि दुसऱ्यासाठी जप करणारा ब्राह्मण 'करिष्यामि' म्हणेल. यजमान आणि उपाध्याय यांच्यातला सगळा सामाजिक व आर्थिक व्यवहार एका प्रत्ययाच्या फरकात सांगितला गेला आहे.

श्राद्धविधीत याहून सुंदर उदाहरण आहे. अग्नीत आहुती देण्यापूर्वी कर्त्याने ब्राह्मणांची अनुज्ञा घ्यायची असते. आश्वलायन गृह्यसूत्राने ती विचारण्याचे तीन पर्याय दिले आहेत: करिष्ये, करवै किंवा करवाणि. उत्तराचेही तीन पर्याय आहेत: क्रियताम्, कुरुष्व किंवा कुरु. पहिल्या प्रश्नात भविष्यकाळ आहे, उरलेल्या दोहोंत आज्ञार्थाचा उत्तम पुरुष. म्हणजे 'करीन ना?' आणि 'करू का?' यांतला फरक. उत्तरांत कर्मणि आज्ञार्थ, आत्मनेपदी आज्ञार्थ आणि परस्मैपदी आज्ञार्थ. विनंती, अनुज्ञा आणि आज्ञा यांच्या छटा इतक्या नेमकेपणाने क्रियापदावर सोपवणारी भाषा काळाबरोबर अर्थही मोजत होती. येथे 'अर्थ' हा शब्द व्याकरणाच्या परिभाषेतला: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.

पाणिनीच्या लकारांची व्यवस्था मुळात अशीच मिश्र आहे. दहा लकारांपैकी लेट् केवळ वेदांत सापडतो. भूतकाळाचे लकार तीन. पण ते 'साधा, अपूर्ण, पूर्ण' असे विभागलेले नाहीत. लुङ् हा सामान्य भूत. लङ् हा अनद्यतन भूत, म्हणजे आज न घडलेल्या गोष्टीचा. लिट् हा अनद्यतन आणि शिवाय परोक्ष, म्हणजे बोलणाऱ्याने डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीचा. क्रिया पुरी झाली की अधुरी राहिली, हा प्रश्न येथे विचारलेलाच नाही. विचारलेले प्रश्न दोन: ती आजची आहे काय, आणि तू ती पाहिलीस काय? जी क्रिया घडू शकली असती पण घडली नाही तिच्यासाठी लृङ् हा वेगळा लकार राखून ठेवला आहे. 'पाऊस पडता तर पीक येते' या जातीच्या वाक्यांचा.

३

त्र्यंबकची दुसरी परंपरा निवृत्तिनाथांची. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना दीक्षा दिली अशी परंपरा आहे, त्यांची समाधी येथेच आहे, आणि पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. त्यांच्या शिष्याने, म्हणजे धाकट्या बंधूने, शके १२१२ मध्ये (सन १२९०) जो ग्रंथ सांगितला त्याच्या मराठीत संस्कृत लकारांपैकी जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. लङ्, लिट्, लुङ् आणि लृङ् प्राकृतांच्या प्रवासात झिजून गेले होते. वर्तमानाचा लट् मात्र जिवंत होता. करी, म्हणे, जाय, देखे ही रूपे ज्ञानेश्वरीच्या भाषेत वर्तमानकाळाची आहेत.

आजच्या मराठीत हीच रूपे भूतकाळाची झाली आहेत. 'आजोबा पहाटे उठत, स्नान करीत आणि आजी दिवा लावी' या वाक्यातले 'लावी' हे क्रियापद व्याकरणाची पुस्तके रीति भूतकाळात घालतात. जो काळ तेराव्या शतकात समोर घडत होता तो विसाव्या शतकात आठवणीत गेला. हे स्थित्यंतर कसे घडले? मराठीने मधल्या काळात वर्तमानासाठी दुसरे रूप वापरायला घेतले. 'करत' हे संस्कृतातील शतृप्रत्ययान्त धातुसाधित. त्यापासून 'करतो' आले आणि त्याने वर्तमानाची जागा घेतली. जुन्या 'करी'ला मग सवयीच्या आणि कथनाच्या कोपऱ्यात सरकावे लागले. म्हणींसारख्या न बदलणाऱ्या वाक्यांत त्याचा जुना अर्थ शिल्लक राहिला. 'खाई त्याला खवखवे' या म्हणीतले दोन्ही धातू आजही वर्तमानात उभे आहेत. नकारातही तो टिकला: 'नाचता येईना' मधला 'येईना' हा त्याच जुन्या वर्तमानाचा वंशज.

या सगळ्याचा शास्त्रीय शोध रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या १८७७ च्या विल्सन व्याख्यानांपासून सुरू होतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील आपल्या प्रबंधात प्रत्येक प्रत्ययाची वंशावळ लावली. वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे तो १९४१ पासून मराठीत उपलब्ध आहे. या अभ्यासातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे आली. मराठीचे क्रियापद मुख्यतः धातुसाधितांवर उभे आहे. 'केला'मधला लकार संस्कृत क्तप्रत्ययान्त भूतकालवाचकापासून, 'करतो'मधला तकार शतृपासून, 'करावा'मधला वकार 'तव्य'पासून. धातुसाधित हे मूळचे विशेषण असल्यामुळे त्याला लिंग आहे. म्हणून मुलगा 'जातो' आणि मुलगी 'जाते'. आणि क्तप्रत्ययान्त मूळचे कर्मणि असल्यामुळे सीतेने आंबा 'खाल्ला', पण चिंच 'खाल्ली'. खाणारी तीच; क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूचे ऐकते.

'म्हणे' या एका रूपाचे चरित्र तर स्वतंत्र निबंधाच्या योग्यतेचे आहे. संतांच्या नाममुद्रेत ते वर्तमानकाळी आहे: कवी आत्ता, आपल्यासमोर, म्हणतो आहे. घरगुती आठवणीत ते रीति भूतकाळी आहे: 'माझी आजी नेहमी म्हणे'. आणि रोजच्या बोलण्यात ते क्रियापदही राहिलेले नाही: 'तो म्हणे काल आलाच नाही'. येथे म्हणणारा कोणीच नाही. हे 'म्हणे' एवढेच सांगते, की पुढचे विधान ऐकीव आहे, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. पाणिनीचा परोक्ष! लिट् लकार मराठीपर्यंत पोहोचला नाही. परंतु त्याने बजावलेले काम करायला मराठीने एका थकलेल्या वर्तमानकाळाला पुन्हा नोकरीवर घेतले. काळांच्या बारा घरांच्या तक्त्यात या 'म्हणे'ला घर नाही.

४

पेशवाईच्या कागदांत क्रियापदांचे आणखी एक जग आहे आणि त्र्यंबकसारख्या क्षेत्राचा त्या कागदांशी जवळचा संबंध. आजचे देवालय नानासाहेब पेशव्यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. त्या काळच्या मोडी पत्रव्यवहारात 'दिल्हे असे', 'केले असे' हे जोडक्रियापद दस्तऐवज पुरा झाल्याची मोहोर होते. 'जाणिजे' हे जुन्या कर्मणि विध्यर्थाचे अश्मीभूत रूप वरिष्ठाकडून येई; बरोबरीच्याला 'कळावे, लोभ असावा' असे लिहिले जाई. अमुक करून 'पाठविणे' हे भाववाचक रूप हुकूम म्हणून चाले. अर्थाची निवड माणसाच्या पायरीवरून होत असे. १८१८ साली हा प्रदेश कंपनीच्या ताब्यात गेला आणि दप्तराची भाषा बदलू लागली.

तोवर व्याकरणाची भाषाही बदलायला सुरुवात झाली होती. विल्यम केरी याने श्रीरामपुराहून १८०५ साली मराठीचे इंग्रजीत व्याकरण छापले होते. परंतु मराठी व्याकरणाला शाळेत उभे करणारे पुस्तक म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण', प्रथमावृत्ती १८३६. दादोबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांच्या समोर संस्कृत व्याकरणाची परंपरा होती आणि इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. त्यांच्या मांडणीवर लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची छाया असल्याचे मराठी व्याकरणाचे अभ्यासक सांगत आले आहेत.

हा मरे कोण? जन्माने अमेरिकन, पेशाने वकील, पंथाने क्वेकर. प्रकृतीमुळे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला. तिथल्या मुलींच्या एका शाळेच्या सोयीसाठी त्याने १७९५ मध्ये जे पुस्तक रचले ते पुढची अर्धी शताब्दी इंग्रजी जगाचे व्याकरण ठरले. मरेने इंग्रजीला पाच अर्थ आणि सहा काळ दिले. अर्थ: निश्चयार्थ, आज्ञार्थ, शक्यार्थ, संशयार्थ आणि भाववाचक. काळ: वर्तमान, अपूर्ण, पूर्ण, पूर्णभूत, पहिला भविष्य आणि दुसरा भविष्य. हे सहा काळ लॅटिनचे आहेत. लॅटिनमध्ये त्या सहांना सहा वेगवेगळी प्रत्ययरूपे आहेत. इंग्रजीत प्रत्ययाने होणारे काळ दोनच, 'गो' आणि 'वेंट'. उरलेले सगळे 'हॅव', 'शॅल', 'विल' या साहाय्यकांची जुळवाजुळव. इंग्रजीला भविष्यकाळच नाही, असे ऑटो येस्पर्सनसारख्या विसाव्या शतकातील व्याकरणकाराने म्हटले ते याच अर्थाने. मरेच्या तक्त्यात इंग्रजी क्रियापदाला लॅटिनचा अंगरखा चढवला होता, आणि तो त्याला ढगळ होत होता.

हाच अंगरखा मुंबईत येऊन मराठीच्या मापाने पुन्हा शिवला गेला. म्हणून पहिले तीन रकाने इतके बिनचूक जुळतात. ते जुळावेत अशा बेतानेच तक्ता बेतला गेला आहे. मराठी मुलगा इंग्रजी व्याकरण शिकू लागला तेव्हा दोन्ही भाषांचे काळ एकाच साच्याचे निघाले, आणि ही दोन भाषांची नैसर्गिक समानता आहे असे त्याला वाटले.

दादोबांवर टीका करणे आज सोपे आहे, आणि ती त्यांच्या हयातीतही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून त्यांच्या व्याकरणाची कठोर चिकित्सा केली. पुढे मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) या सगळ्या वादाचा ताळेबंद मांडला गेला. त्यात आख्यातांची जी व्यवस्था दिसते ती काळावर आधारलेली नाही, ती रूपावर आधारलेली आहे: ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईआख्यात, ऊआख्यात. आधी रूप ओळखा, मग ते कोणकोणत्या काळी आणि कोणकोणत्या अर्थी येते ते सांगा, असा हा क्रम. हा क्रम पाणिनीचा आहे. लकार हेही मुळात रूपाचेच नाव. या व्यवस्थेत 'आलो' हे केवळ लाख्यात आहे. त्यामुळे दारातून हाक आल्यावर आतून 'आलोच!' असे उत्तर देणारा, अजून जागचा न हललेला माणूस भूतकाळ का वापरतो, हे कोडे उरत नाही. काळांच्या तक्त्यात मात्र तो अपवाद ठरतो.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही उलथापालथ संस्कृतपर्यंत पोहोचली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि संस्कृत हा परीक्षेचा विषय झाला. भांडारकरांची संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके १८६० च्या दशकात आली. त्यांतून पिढ्यानपिढ्या संस्कृत शिकल्या. त्या सुमारास रूढ झालेल्या परिभाषेत लङ् हा 'इंपरफेक्ट' झाला, लिट् 'परफेक्ट' आणि लुङ् 'एओरिस्ट'. ही नावे ग्रीक-लॅटिन व्याकरणातली. युरोपीय पंडितांना तौलनिक भाषाशास्त्रासाठी ती सोयीची होती, आणि रूपांच्या वंशावळीसाठी योग्यही. पण अर्थाच्या दृष्टीने त्यांनी मोठी गफलत केली. अनद्यतन भूताला 'अपूर्ण' म्हटले गेले, वास्तविक पाणिनीच्या लङ्मध्ये अपूर्णतेचा गंधही नाही. परोक्षाला 'पूर्ण' म्हटले गेले, आणि 'तू पाहिलेस काय?' हा प्रश्नच पुसला गेला. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत रचनेवरील मार्गदर्शिकेसारखी (१८८१) पुस्तके पाणिनीचे मूळ अर्थ सांगत राहिली हे खरे. परंतु नाव ओठांवर राहते आणि व्याख्या पुस्तकात.

या काळात त्र्यंबकेश्वरातील एका घराने त्र्यंबक ते मुंबई हा प्रवास केला. दाजीशास्त्री फाळके हे येथील संस्कृत पंडित. त्यांचा मुलगा धुंडिराज गोविंद, म्हणजे पुढे दादासाहेब फाळके, याचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. दाजीशास्त्री मुंबईत महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले, कुटुंब तिकडे गेले आणि १८८५ मध्ये मुलगा सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. लकारांची मौखिक परंपरा असलेल्या गावातून, त्याच लकारांना इंग्रजी नावे मिळालेल्या नगरात जाण्याचा हा प्रवास त्या पिढीतील अनेक शास्त्र्यांचा आहे. फाळक्यांचे नाव इतरांपेक्षा अधिक लक्षात राहते, कारण त्यांनी वयाच्या चाळिशीत सिनेमाची विद्या इंग्रजी पुस्तकांतून आणि नियतकालिकांतून मिळवली आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. मुक्या चित्रपटाच्या पाट्यांवर इंग्रजीही होते आणि देशी भाषाही. दिलेला शब्द पाळणाऱ्या राजाची कथा भारतीय सिनेमाच्या आरंभी अशी दोन व्याकरणांत उभी राहिली.

६

शब्द देण्याचा प्रश्न इंग्रजी क्रियापदाच्या गाभ्याशीच आहे. 'शॅल' आणि 'विल' यांचा नियम ज्यांनी पाठ केला आहे त्यांना तो आठवत असेल: उत्तम पुरुषी 'शॅल', द्वितीय व तृतीय पुरुषी 'विल' हा निव्वळ भविष्यकाळ, उलट केले की निश्चय, वचन किंवा धमकी. हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली प्रथम मांडला, आणि तोही लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. मुळात 'शॅल'चा अर्थ 'देणे लागतो' असा होता आणि 'विल'चा 'इच्छितो' असा. ऋण आणि इच्छा, या दोन बिंदूंवरून इंग्रजीने भविष्य उभे केले. भविष्याविषयी बोलणारा माणूस कधीही निव्वळ माहिती देत नसतो. तो एकतर काही देणे लागत असतो, नाहीतर काही मागत असतो.

मराठी विद्यार्थ्याला हा नियम फार जाचक झाला. वस्तुतः त्याच्या जिभेवर याच जातीचा भेद होता. 'मी उद्या येईन' आणि 'मी उद्या येणार आहे' ही वाक्ये त्याच्या लेखी सारखी नाहीत. दुसरे बेत सांगते. तो माझा असेल, कार्यालयाचा असेल, गाडीच्या वेळापत्रकाचा असेल. पहिल्यात बोलणाऱ्याने स्वतःला गुंतवले आहे. म्हणूनच त्यात वचनही मावते आणि 'बघू, येईन' ही टाळाटाळही. वेळापत्रकाला वचनही देता येत नाही आणि टाळाटाळही करता येत नाही. 'येईन' आणि 'येणार' यांना तक्त्याने एकाच भविष्यकाळाच्या घरात कोंबले, आणि मग 'शॅल-विल'चा परका भेद छडीच्या जोरावर शिकवला गेला. घरातला भेद दाखवून परका समजावण्याची संधी गेली.

संकल्पातील 'करिष्ये' हे या दृष्टीने पाहावे. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ च्या व्याख्यानांत ज्या वाक्यांना कृतिरूप म्हटले, म्हणजे जी बोलणे हेच करणे असते, त्यांत हे सहज बसते. पाणी सुटते त्या क्षणी यजमान भविष्याचे भाकीत करत नसतो. तो बांधला जात असतो. लकार भविष्याचा, पण काम अर्थाचे. काळ आणि अर्थ यांची घरे वेगळी पाडणाऱ्या कोणत्याही तक्त्याला हे पेलत नाही. मरेच्याही नाही, आणि त्यावरून बेतलेल्या आपल्याही नाही.

७

आता चौथ्या रकान्याकडे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या 'भाषांतर पाठमाले'ने मराठी घरांत जेवढे इंग्रजी शिकवले तेवढे क्वचितच दुसऱ्या पुस्तकाने शिकवले असेल. शिक्षक नसलेल्या गावातही दिव्याखाली बसून माणसे त्या पाठांवरून इंग्रजी शिकली; हे लोकशाहीचे काम होते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. भाषांतरपद्धतीचा स्वभाव मात्र असा, की प्रत्येक इंग्रजी रूपासमोर एक मराठी रूप उभे करावे लागते. 'आय गो' समोर 'मी जातो'. ते रूप वाचणारी मुलगी असेल तर तिने मनातल्या मनात ते बदलून घ्यायचे. 'आय हॅव रेड' समोर 'मी वाचले आहे'. मराठी 'वाचले आहे' बरोबर 'गेल्या वर्षी' बिनदिक्कत चालते. इंग्रजीत ती जोडी मोडते. आणि 'हॅव बीन रीडिंग' समोर मराठीजवळ स्वतंत्र रूपच नाही, ती 'दोन तासांपासून वाचतो आहे' म्हणते. म्हणून मराठी विद्यार्थी दोन तासांपासूनच्या वाचनालाही इंग्रजीत चालू वर्तमानच वापरतो, आणि त्याच्या वहीवर लाल रेघ येते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती तक्त्याने झाकलेल्या भेदाची आहे.

गंमत अशी, की यांतला निम्मा भाग समजावण्याची साधने आपल्याकडे होती. इंग्रजी पूर्ण वर्तमानाबरोबर 'काल' चालत नाही, कारण त्या रूपाची नाळ आजशी जुळलेली असते. अद्यतन आणि अनद्यतन या भेदावर वाढलेल्या परंपरेला हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. ब्राह्मणग्रंथांतील लुङ् अशाच ताज्या भूतासाठी येतो. पण ज्या पंडिताला अद्यतन ठाऊक होते तो इंग्रजी शिकवत नव्हता. आणि इंग्रजी शिकवणाऱ्याला लङ् हा 'इंपरफेक्ट' म्हणूनच भेटला होता.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. त्र्यंबक तालुक्यातील पुष्कळ मुले महादेव कोळी, कोकणा, ठाकूर समाजांतली आहेत. त्यांच्या घरची बोली वेगळी, शाळेची प्रमाण मराठी वेगळी. त्यांना 'प्रेझेंट परफेक्ट' समजावण्यासाठी 'पूर्ण वर्तमानकाळ' हा शब्द सांगितला जातो. म्हणजे लॅटिनवरून इंग्रजीत, इंग्रजीवरून मराठीत, आणि संस्कृत शब्दांचे कपडे घालून आलेली ही संज्ञा त्या मुलाच्या बोलण्यातल्या कोणत्याही अनुभवाला स्पर्श करत नाही. त्याच मुलाला 'म्हणे' कुठे लावायचे, 'आलोच' कधी म्हणायचे, 'येईन' आणि 'येणार' यांत काय फरक, हे कोणी न शिकवता येते. त्याचे व्याकरण पक्के आहे. कच्चा आहे तो आपण त्याच्या हाती दिलेला तक्ता.

तक्ता फेकून द्यावा असे म्हणण्याचा हेतू नाही. परीक्षेला तो लागतो, आणि परकी भाषा शिकताना हाताशी काही आधार हवाच. परंतु साहित्य आणि भाषा शिकवणाऱ्यांनी एवढे तरी करावे, की तक्ता ही एक ऐतिहासिक वस्तू आहे, तिला कर्ते आहेत, साल आहे आणि मर्यादा आहेत, हे वर्गात सांगावे. एका तासाला बारा घरांऐवजी तीन क्रियापदे फळ्यावर लिहावीत: करिष्ये, म्हणे, शॅल. पहिले कोणासाठी करतो ते विचारते. दुसरे कोणी पाहिले ते विचारते. तिसरे कोण कोणाचे देणे लागतो ते विचारते. केव्हा घडले, हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही अग्रभागी नाही. हे एकदा विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, की 'काळ' या शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या होत्या ते त्याला दिसेल, आणि इंग्रजी क्रियापदाच्या त्या पाच रूपांची भीती वाटण्याचे कारण उरणार नाही.